शून्याची वाटी

आत्याच्या घरात सकाळ व्हायची ती खालच्या ठकठकीनं. औरंगपुऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर तिच्या दोन खोल्या होत्या, आणि मामा, म्हणजे आत्याचे यजमान, त्याच दुकानाच्या पायरीशी पाट टाकून भांड्यांवर नावं कोरायला बसायचे. लग्नसराईत तर नळाला पाणी यायच्या आधीच ठकठक सुरू व्हायची. मालकानं विजेवर चालणारी कोरायची पेन्सिल आणून दिली होती. ती घूं घूं करत झरझर नाव काढायची. मामांनी ती डब्यात घालून ठेवली. तिच्यानं अक्षर निघतं, पण बसत नाय, एवढंच म्हणायचे आणि आपली बारकी छिन्नी घेऊन एकेक टिंब ठोकत राहायचे. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं. काही महिन्यांतच मीही अशीच एका गोष्टीला धरून बसणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमचं गाव सोयगावच्या अंगाला. घरात मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. कॉलेजची पायरी माझ्याआधी आमच्यात कुणी चढलं नव्हतं, त्यामुळं तिथं काय चुकतं आणि काय चालतं हे विचारायला घरात कुणी नव्हतं. मी सगळ्याच बाबतीत दुसरं कुणी आधी काय करतंय ते बघून मग करायची. वर्गात मागच्या बाकावर बसायची, उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. आत्याला माझी ही रीत पटायची नाही. "अशी काहून अंग चोरून बसती गं? भाडं देऊन ऱ्हातो आपण," असं म्हणत ती माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची. तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी यांवर माझं सगळं कॉलेज झालं. शेंगदाण्याचा डबा तिच्या स्वयंपाकघरात कधी रिकामा नसायचा, आणि या प्रकरणात त्या डब्याला मोठं काम आहे.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नवे आले होते. मुली पुष्कळ आणि मशीनं थोडी. चपला बाहेर काढून त्या गार खोलीत जायचं, तेही आपली पाळी आली तर. म्हणून लॅबच्या सरांनी नियम केला होता की आधी ड्राय रन दाखवायचा आणि मगच मशीनला हात लावायचा. ड्राय रन म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनशिवाय, हातानं चालवून बघणं. दोघींची जोडी असायची. एक जण ओळ वाचणार, दुसरी मशीन होणार आणि सांगितलं तेवढंच करणार. सर बजावून सांगायचे की मशीननं डोकं चालवायचं नाही. समोर चूक दिसली तरी बोलायचं नाही. चूक करायची मुभा लिहिणाऱ्याला आहे, सुधारायची मुभा मशीनला नाही.

माझी जोडी शैलाची होती. शैला जमीनजुमला असलेल्या मोठ्या घरातली. पैठण रोडला चितेगावकडं त्यांची शेती होती आणि घरची माणसं आता शहरात राहून नोकऱ्या करत होती. कॉलेज आणि आमच्या आत्याचं घर, एवढ्या दोनच ठिकाणी तिला जायची परवानगी होती. आत्याचं घर चालण्याचं कारण इतकंच की मामांनी त्यांच्या घरच्या तीन लग्नांची भांडी कोरली होती. संध्याकाळी तिचा थोरला भाऊ मोटारसायकल घेऊन खाली यायचा आणि हॉर्न वाजवायचा. हॉर्न वाजला की शैला बोलत असेल ते वाक्य तिथंच सोडून उठायची. एकदा तर तोंडातला घास तसाच घेऊन जिना उतरलेली मी पाहिली आहे.

कागदावर ड्राय रन करताना माझा फार गोंधळ व्हायचा. कुठल्या नावात आता काय आहे हे खोडून पुन्हा लिहिता लिहिता कागद काळा व्हायचा. एका दुपारी मामा जेवायला वर आले तेव्हा आम्ही दोघी रडकुंडीला आलो होतो. मी त्यांना समजावून सांगितलं की यात असं धरायचं असतं की एकेक नाव म्हणजे एकेक डबा आहे आणि त्यात काहीतरी ठेवलेलं आहे. मामा हात धुता धुता म्हणाले, मग धरता कामून, ठेवाच की. संध्याकाळी त्यांनी दुकानातल्या पोचे पडलेल्या, विकल्या न जाणाऱ्या वाट्या मालकाला विचारून वर आणल्या. त्यांतल्या आठ वाट्यांवर एक ते आठ आकडे कोरून दिले आणि वेगळ्या एका वाटीवर, आम्हाला मोजणीसाठी लागायचं ते, आय हे अक्षर. तेव्हापासून आमचा ड्राय रन आत्याच्या स्वयंपाकघरात फरशीवर व्हायला लागला. मी ओळ वाचायची, शैला मशीन. तीन नंबरच्या वाटीत पाच ठेव म्हटलं की ती पाच शेंगदाणे ठेवायची. शैलासारखं मशीन मी पुढं कधी पाहिलं नाही. मी चुकीचं सांगितलं तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. एकदा आमची बेरीज काही केल्या एकानं कमी भरत होती. सगळा प्रोग्राम आम्ही तीनदा तपासला, आणि मग मामा दारातून चावत चावत खाली जाताना दिसले. आत्या म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरला उंदीर लागलाय बाई, मिशावाला." हॉर्न वाजून शैला अर्ध्यात उठली की वाट्या तशाच मांडून ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ती येईपर्यंत आत्या त्यांना वळसा घालून चुलीशी जायची. दाण्याला हात लावायची नाही.

आम्ही शिकत होतो ती भाषा पास्कल. आता ती कुणी शिकवत असेल असं वाटत नाही. पण ती मला पहिल्या दिवसापासून आपली वाटली. पास्कलमध्ये आधी सांगावं लागायचं की माझ्याकडं अमुक वाट्या आहेत, त्यांची नावं ही, त्यांत असं असं ठेवणार. एकदा सांगितलं की मग ती तुमच्यावर लक्ष ठेवायची. आठच वाट्या सांगितल्या आणि नवव्या वाटीत काही ठेवायला गेलात तर ती तिथंच थांबवायची, निदान सरांनी लॅबमध्ये तसं करून ठेवलं होतं. वर्गातल्या काही मुलींना याचा राग यायचा. मला बरं वाटायचं. सगळं आयुष्य दुसऱ्याकडं बघून पाऊल टाकणाऱ्या मुलीला, पुढं खड्डा आहे असं सांगणारं कुणीतरी भेटलं होतं.

दिवाळीनंतर अनघा आली. तिच्या वडिलांची बदली इथल्या एका कारखान्यात झाली होती. ती पुण्याहून आली होती आणि तिथं एका क्लासमध्ये सी शिकली होती. सी ही दुसरी भाषा, नाव एका अक्षराचं. पहिल्याच आठवड्यात तिनं सरांना विचारलं की इथे अजून पास्कलच का आहे. विचारण्यात उर्मटपणा नव्हता, हे मी आज कबूल करते. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण वर्गाचे दोन तट पडले. पास्कल म्हणजे बालवाडी, सी म्हणजे खरं काम, असं ज्या मुलींना दोन्हींतलं काही येत नव्हतं त्याही म्हणू लागल्या. बाकांवर खडूनं लिहिलं जाऊ लागलं. मी पहिल्यांदा वर्गात हात वर केला तो पास्कलच्या बाजूनं. सीमध्ये ओळीतली पहिली वाटी एक नंबरची नसते, शून्य नंबरची असते, असं अनघा सांगत होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझे आबा रोज मेंढरं मोजून वाघुरीच्या जाळीत घेतात. शून्य नंबरचं मेंढरू अजून कुणी बघितलं नाही." वर्ग हसला. मला वाटलं, जिंकले. अनघानं थोडा विचार केला आणि म्हणाली, "पहिल्या मेंढरापर्यंत पोचायला किती मेंढरं ओलांडावी लागतात? एकही नाही ना? तो आकडा म्हणजे शून्य. सी मेंढरं मोजत नाही, अंतर मोजते." उत्तर बरोबर होतं. त्याहून वाईट म्हणजे माझ्या शेजारी बसलेली शैला हळूच म्हणाली, "भारी हाय की."

त्या तीन शब्दांनी मला जे झालं त्याला मी बरेच दिवस नाव दिलं नाही. मला वाटायचं की हा पास्कलचा अभिमान आहे. आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, तो निव्वळ सवतीमत्सर होता. फक्त सवत कोण, अनघा की सी, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. शैला अनघाजवळ बसून सी शिकू लागली. मधल्या सुट्टीत त्या दोघी एका कागदावर वाकलेल्या असायच्या आणि मी माझा डबा उघडून तिघींना पुरेल एवढी चटणी घेऊन बसलेली असायची. शैला आधी अनघाच्या बोलण्याची नक्कल करून आम्हाला हसवायची. पंधरवड्यात तीच 'इथे', 'तिथे', 'अगं बघ ना' असं बोलायला लागली आणि आता ती नक्कल राहिली नव्हती. आत्याच्या लक्षात आलं. "पोरगी पुण्याला जाऊन आली का काय?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी कधी नव्हे ते आत्यावर खेकसले.

मग एक दिवस शैला अनघाला घेऊन आत्याकडं आली. आत्यानं दोघींना थालीपीठ दिलं. अनघानं ते इतक्या आवडीनं खाल्लं की तिच्यावर राग धरायलाही मला काही कारण सापडेना. खाऊन झाल्यावर शैला खाली गेली आणि मामांकडून एक वाटी कोरून घेऊन आली. शून्याची वाटी. ती पोचे पडलेली नव्हती. मामांनी दुकानातली चांगली, जाड कडाची वाटी दिली होती आणि तिच्यावर टिंब टिंब ठोकून असं गोल शून्य काढलं होतं, की माझे एक ते आठ तिच्यापुढं घाईत काढल्यासारखे दिसायला लागले. मामांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. शून्याला वळण असतं, त्याला वेळ लागतो, असं ते नंतर म्हणाले. शैलानं वाट्या मांडल्या. आधी शून्य, मग एक, दोन, असं सातापर्यंत. आठ झाल्या. माझी आठ नंबरची वाटी उरली. तिनं ती सहज उचलून पालथी घातली आणि भिंतीशी सरकवली. मी ओट्याशी उभी राहून त्या पालथ्या वाटीकडं बघत होते.

प्रोजेक्टच्या जोड्यांची नावं द्यायची वेळ आली. जोडी दोघींचीच आणि भाषा एकच. शैलानं मला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, "तू सी शिक सुभे, मी तुझ्यासंगंच करते. अनघाला मी सांगते." मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण तोंडून निघालं ते वेगळंच. मी म्हणाले की पास्कलनं काय घोडं मारलंय? तू ये परत. ती एक पायरी खाली उतरली. पायरीवरून मामांची ठकठक ऐकू येत होती.

नावं द्यायच्या आदल्या दिवशी शैला आणि अनघा त्यांचा ड्राय रन घेऊन आत्याकडं आल्या. तो दुसऱ्या दिवशी सरांपुढं करून दाखवायचा होता. तो जमला तर त्यांची जोडी पक्की, नाहीतर सर म्हणतील तिच्याबरोबर बसायचं. शैला मला म्हणाली, मशीन तू हो. अनघाला डोकं चालवल्याशिवाय राहवत नाही, ती मध्येच सुधारून टाकते. मी आजवर कधी मशीन झाले नव्हते. हो म्हणाले आणि फरशीवर बसले. शून्य ते सात वाट्या ओळीनं, एकीला एक लागून. अनघानं सांगितलं की सीमध्ये हद्द बघायची नाही. जितकी सांगितली तितकी पुढं जा आणि तिथं जे असेल त्यात सांगितलं ते कर. सात नंबरच्या वाटीला लागून मोजणीची आयची वाटी होती. सुरुवातीलाच सगळ्या वाट्या रिकाम्या करून घ्यायच्या होत्या, म्हणजे जुनं काही राहू नये. त्या ओळी शैलानं लिहिल्या होत्या आणि तीच वाचत होती.

आयमध्ये जेवढे दाणे, तेवढ्या नंबरची वाटी रिकामी कर. मग आयमध्ये एक दाणा टाक. आय आठाहून जास्त झाला का? नाही, तर पुन्हा. मी करत गेले. शून्य रिकामी केली, एक केली, दोन केली. पाचाच्या पुढं गेल्यावर मला दिसलं. शैलानं आठापर्यंत जायला सांगितलं होतं. आठ वाट्या म्हणून आठापर्यंत, पास्कलच्या सवयीनं. माझ्याबरोबर लागलेली ती सवय अजून तिच्या बोटांत होती. आणि इथं तर वाट्या सातातच संपत होत्या. ती अजून सगळीच्या सगळी गेलेली नव्हती. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. मशीननं बोलायचं नसतं. मी बोलले नाही.

आयमध्ये आठ दाणे झाले. आठ नंबरची वाटी ओळीत नव्हती, ती भिंतीशी पालथी होती. मी शून्यापासून अंतर मोजत पुढं गेले. सात नंबरच्या वाटीला लागून होती ती खुद्द आयची वाटी. तीच मी रिकामी केली. आता आयमध्ये काही नाही. एक दाणा टाकला. आठाहून जास्त झाला का? नाही. पुन्हा एक नंबरची वाटी रिकामी करायला घेतली. ती रिकामीच होती. मग दोन, तीन. सातानंतर पुन्हा आयची वाटी, पुन्हा रिकामी, पुन्हा एक. अनघानं कपाळाला हात लावला, पण शैलानं तिला डोळ्यांनी दाबलं. माझ्या हातातले दाणे ओले व्हायला लागले होते. मी रडत होते असं आत्या पुढं कितीतरी वर्षं सांगायची. मला आठवतं ते इतकंच की मी थांबत नव्हते. मला थांबायचंच नव्हतं. जोपर्यंत ते चाललं होतं, तोपर्यंत शैला माझ्या समोर बसलेली होती.

खाली हॉर्न वाजला. आत्यानं सवयीनं शैलाच्या चपलांकडं पाहिलं. शैला उठली नाही. हॉर्न पुन्हा वाजला. "वाजू दे," ती म्हणाली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"थांब आता."

"मशीन थांबत नसतं," मी म्हणाले. "पास्कल असती तर तिनं थांबवलं असतं तुला. आठालाच."

"मला माहीत हाय," शैला म्हणाली. ती पुन्हा तिच्या आधीच्या भाषेत बोलत होती. "म्हणून तर नको मला ती. मला थांबवणारे घरात काय कमी हायेत का, सुभे? एवढं एक तरी असू दे, जे म्हणंल जा कुठं जायचं तिथं, चुकलीस तर तुझं तू बघ."

तिनं पेन्सिलीनं ती ओळ दुरुस्त केली आणि म्हणाली, पहिल्यापासून घे. मी पहिल्यापासून घेतलं. हॉर्न मधून मधून वाजत राहिला, मग गाडी बंद झाल्याचा आवाज आला. मामांनी तिच्या भावाला पायरीवर बसवून चहा पाजला असावा, कारण ठकठक काही वेळ थांबली होती. ड्राय रन शेवटापर्यंत बिनचूक गेला. शैला सगळ्यात शेवटी उठली, सगळे दाणे एका वाटीत भरून आत्याला दिले आणि आपला आपण जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायला ती शून्याची वाटी घेऊन गेली. त्या दोघींची जोडी झाली. मी पास्कलमध्येच प्रोजेक्ट केला, एका अबोल मुलीबरोबर, आणि तो चांगला झाला असं सर म्हणाले. पुढं पोटासाठी मी सीसकट कितीतरी भाषा लिहिल्या. त्यांतल्या कुणाशीही मला भांडावंसं वाटलं नाही. आता माझा भाचा घरी येतो आणि त्याची भाषा कशी चांगली आणि मित्राची कशी टाकाऊ हे तावातावानं सांगतो, तेव्हा मी त्याला भाषेबद्दल काही विचारत नाही, मित्राबद्दल विचारते. शैला पुढं दूरच्या गावी नोकरीला लागली, घरच्यांच्या मनाविरुद्ध. दिवाळीला फोन येतो. त्यात अनघाचं नाव निघालं की अजूनही मला तेच होतं. वयानं ते कमी होतं असं म्हणतात, मला तसा अनुभव नाही.

मामा गेले, आत्याही गेली. वाट्या माझ्याकडं आल्या. शून्याची वाटी शैलानं परत आणली नाही आणि मी मागितली नाही. माझ्या फळीवर एक ते आठ आहेत, ओळीनं. एकात जिरं, दोनात मोहरी, तीनात हळद, असं भरत आले आहे. मोजायला गेलं तर त्यात काही कमी नाही. पण फोडणीला तेल तापलं की माझा हात सवयीनं आधी एकाच्याही अलीकडं जातो, जिथं फळीवर एका वाटीपुरती जागा मी मोकळी ठेवलेली आहे.